अकराव्या कलमातली सदिच्छा

माले, १४ मार्च १९७९

चि. जयसिंग यास,

थोरल्या बहिणीनं सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिला आहे असं समज.

तेरा वर्षांनी तुझं पत्र आलं. पोस्टमन कोंडाजी लांबूनच ओरडला, "आक्का, इलायतेचं पत्र हाय!" आणि साऱ्या आळीला कळलं. मला आधी वाटलं, तू गेलास आणि तिकडच्या सरकारनं कळवलंय. उघडलं तर तू ठणठणीत, आणि मला भागीदार करायला निघालेला.

तुझं म्हणणं मला नीट कळलंय का ते बघ. तू ज्या टॅप्लो कंपनीत कामाला आहेस ती तिकडं सॉस आणि लोणची करते. नऊ देशांत तिचं नाव आहे. प्रत्येक देशात तिथल्याच माणसानं कारखाना चालवायचा, कंपनीनं आपलं नाव, आपली कृती, आपली बरणी द्यायची आणि बदल्यात वाटा घ्यायचा. याला तुम्ही फ्रँचाइज म्हणता. आपल्याकडं याला रान खंडानं देणं म्हणतात. तुमच्याकडं रानाच्या जागी नाव आहे, एवढाच फरक.

पण इथल्या सरकारनं तुमची वाट अडवली. परक्या कंपनीला चाळीस टक्क्यांच्या वर भाग ठेवता येत नाही. परकं नाव इथल्या बाजारात चालवायला परवानगी मिळत नाही. आणि लोणचं तर लहान कारखान्यांसाठी राखून ठेवलेलं, मोठ्यानं त्याला बोट लावायचं नाही. म्हणून तुझ्या साहेबांना उद्योग खात्याचा दाखला असलेली एखादी लहानशी लोणचंवाली पाहिजे, आणि तुला बहीण आठवली. तेरा वर्षांत रक्तानं जे जमलं नाही ते कायद्यानं केलं म्हणायचं.

मी आणि सात बायका मिळून करवंदाचं आणि कैरीचं लोणचं घालतो, बरणीवर 'तुळजाबाईंची लोणची, माले' असं लिहितो, पुण्याच्या मंडईतली तीन दुकानं ते ठेवतात, हे तुला कोणी सांगितलं? हैबतरावानं? काकांचा मुलगा तो, तुझा त्याचा पत्रव्यवहार आहे हे मला माहीत नव्हतं. आणि कंपनीच्याच पत्त्यावर उत्तर पाठव असं का लिहितोस? तुला घर नाही का?

सहासष्ट साली अण्णा गेल्यावर तू एक कागद पाठवला होतास. सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवायची आहेत, आक्का सही कर, असं लिहिलं होतंस. मी विधवा होऊन माहेरी आलेली, तू एकुलता भाऊ, मी सही केली. सहा महिन्यांनी तलाठ्यानं सांगितलं की ते हक्कसोडपत्र होतं. नदीकडचं रान तू मुखत्यार नेमून पुण्याच्या डॉक्टरला विकलंस. बहिणीनं हक्क सोडला की भाऊ निदान चोळी-बांगडी तरी करतो. तू तेवढंही केलं नाहीस.

आता परत सही मागतोस. माणसं पाठवतोस तर पाठव. दारात आलेल्याला मी पाणी विचारते. पुढचं बघू.

तुळजा

*

माले, ९ मे १९७९

चि. जयसिंग यास,

तुझी माणसं येऊन गेली. मुंबईचे सबनीस म्हणून एक आणि त्यांच्याबरोबर पील नावाचा गोरा. जीप वेशीतच अडकली, म्हणून चालत आले. पील माणूस वाईट वाटला नाही. पाटावर मांडी घालून बसायचा प्रयत्न केला आणि करवंदाची फोड खाऊन डोळ्यांतून पाणी आलं तरी "गुड, गुड" म्हणाला. सबनीस मात्र बोलताना माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीवरच्या दाखल्याकडं बघत होते. चौकट करून लावलाय मी तो. त्यांनी उठून त्याच्यावरचा नंबर वहीत टिपून घेतला. विचारलं नाही.

कंपनीचं नाव ऐकून बायका पदरात तोंड घालून हसल्या. चंद्राबाई म्हणाली, "टपलो? आनि कुटं टपलो म्हनायचं?" सबनीसांना हसू आलं नाही. मलाही नंतर आलं नाही. जो टपून बसलाय तो तसं स्वतःच्या तोंडानं सांगत येतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग पीलनं कृती विचारली, ग्रॅममध्ये. आमच्याकडं मोहरीची डाळ, मेथी, हळद, मीठ, सगळं केशरबाईच्या मुठीनं पडतं. तिची मूठ म्हणजे आमचा काटा. ती एक दिवस आली नाही तर आम्ही घाणा घालत नाही. पीलनं तिची मूठ तराजूत ओतून घ्यायला सुरुवात केली. केशरबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि तिनं मूठ आवळून घेतली. बौद्धवाडीतली माझी ही मैत्रीण फार शिकलेली नाही, पण मी न बोललेलं तिला कळतं. जो आकडा तो गोरा लिहून घेऊन गेला त्यात मेथी निम्मीही नाही आणि हिंग तर सांगितलाच नाही. तुझ्या कंपनीनं त्या आकड्यानं लोणचं घातलं तर पंधरा दिवसांत बुरशी धरेल.

हे तुझ्या साहेबांना सांगायचं तर सांग. तू सांगतोस का, हेच मला बघायचंय.

जाताना हैबतरावानं वेशीत अडकलेली जीप काढून दिली आणि दोघांना आपल्या घरी चहाला नेलं. त्यानं नवी भातगिरणी काढलीय, त्याच्याकडंही लहान उद्योगाचा दाखला आहे. तासभर जीप त्याच्या दारात होती. त्याच्या बायकोला मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई, विंग्रजीत बोलत हुते." हैबतरावाला इंग्रजी येतं, हे मला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं.

तुळजा

*

माले, २२ जुलै १९७९

चि. जयसिंग यास,

कराराचा मसुदा आला. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. सबनीसांनी निरोप दिला की मराठीत करून द्यायची पद्धत नाही. मी निरोप दिला की न वाचता सही करायची माझी पद्धत आता राहिली नाही.

कुशाबा गुरुजी तुला आठवत असतील, तुला चौथीला होते. आता निवृत्त झालेत. शाळेतून मोठी डिक्शनरी आणून त्यांनी नऊ दिवस ओटीवर बसून एकेक कलम मराठीत उतरवलं. मी समोर विळी घेऊन कैऱ्या फोडत होते. ते एक वाक्य वाचायचे, मी एक शंका काढायची. शेवटी म्हणाले, "तुळजा, तू कोर्टात बसायला पायजे हुतीस. हितं वाया चाललीस."

सगळ्यात मोठी शंका घेऊन मी तलाठी नथूभाऊंकडं गेले. विचारलं, माझ्या जागेत, माझ्या दाखल्यावर दुसऱ्याचं लोणचं घातलं तर कूळ लागेल का? आपण डोळ्यांनी पाहिलंय ना, ज्यानं दुसऱ्याचं रान कसलं त्याचं नाव उताऱ्यावर चढलं आणि मालक बघत राहिला. मग उद्या कंपनी म्हणाली की इतकी वर्षं लोणचं आम्ही घातलं, दाखला आमचा, तर? नथूभाऊ पान थुंकून म्हणाले, "आक्का, कूळ जमिनीला लागतं. लोनच्याला न्हाई लागत." सगळी कचेरी हसली. हसू देत. जमिनीच्या वेळी मी हसत होते.

तर ऐक. कलम तीनमध्ये जागा वापरायचा हक्क होता, तो मी काटला. कलम पाचमध्ये दाखला कंपनीच्या ताब्यात राहील असं होतं, तेही काटलं. कलम सहा, कृती. तिथं लिहायला लावलं की केशरबाईची मूठ कोणी मोजणार नाही. गुरुजींनी ते इंग्रजीत कसं लिहिलं देव जाणे. कलम नऊ, सध्या बरणीवर माझं नाव राहील आणि सरकारची परवानगी मिळाली की टॅप्लोचं जोडून येईल. ते चालेल म्हटलं. परवानगी मिळेल तेव्हा मिळेल.

चौदा पानांत एकच कलम माणुसकीचं आहे, अकरावं. गुरुजींनी ते वाचलं तेव्हा मी विळी थांबवली. 'सदर बाई लोणच्याच्या धंद्यातील आपली सदिच्छा कंपनीस कायमची देत आहेत, आणि त्या सदिच्छेस बाध येईल असे वर्तन त्या स्वतः किंवा त्यांच्या कामकरी बायका करणार नाहीत.' साहेब लोक करारात हेसुद्धा लिहितात म्हणजे नवलच. फुलाबाई म्हणाली, "मंजी भांडायचं न्हाई, येवढंच ना?" एवढंच. सदिच्छा द्यायला काय जातंय? ती जन्मभर सगळ्यांना फुकटच दिली मी.

अजून सही केलेली नाही. मुंबईला काटछाट केलेली पानं परत गेलीत.

तुळजा

*

माले, १३ ऑगस्ट १९७९

जयसिंग,

तुझं चार ओळींचं पत्र काल मिळालं. कंपनीच्या कागदावर नाही, साध्या निळ्या पत्रावर, घाईघाईत लिहिलेलं. पत्ता नाही. 'आक्का, सही करायची तर कर, पण अकराव्या कलमावर मेलीस तरी करू नकोस. कारण इथून लिहिता येत नाही. या पत्राचं उत्तर पाठवू नकोस.'

का पाठवू नको? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का? मी उत्तर पाठवते, आणि तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवते, कारण दुसरा तू दिलेला नाहीस.

चौदा पानांत जागा होती, दाखला होता, कृती होती. तेव्हा तू गप्प. मी काटत सुटले तेव्हाही गप्प. आणि जिथं बहिणीनं फक्त चांगलं चिंतायचं आहे तेवढ्याच कलमावर बोट ठेवून म्हणतोस, हे देऊ नकोस! सदिच्छासुद्धा देऊ नको? एवढं काळं मन आहे तुझं, हे मला सहासष्ट सालीही वाटलं नव्हतं.

पण मी विचार केला. तू मूर्ख नाहीस. यात काहीतरी डाव असणार, आणि तो मला कळलाय. मी अकरावर सही केली नाही की सबनीस म्हणणार, बाईच्या मनात खोट आहे, साधी सदिच्छा देत नाही, मोडा हा करार. आणि करार मोडला की हैबतरावाची भातगिरणी तयारच आहे. तासभर जीप उगाच उभी नव्हती. दोघांनी मिळून ठरवलंत ना? मला वाकडं वागायला लावायचं आणि मग वाकडी म्हणून बाजूला सारायचं.

तुझ्या साहेबांनी हे पत्र वाचलं तरी मला भीती नाही. त्यांनाही कळू दे, त्यांचा माणूस पाठीमागं काय लिहितो ते.

सही मी करणार. अकरावर आधी करणार.

तुळजा

*

माले, २८ ऑगस्ट १९७९

जयसिंग,

काल पौडच्या विश्रामगृहात सह्या झाल्या. सबनीस, मी, सात बायका आणि साक्षीला गुरुजी. माझी सगळी काटछाट त्यांनी मान्य केली. एकाही शब्दावर घासाघीस नाही. मी जिंकले, जयसिंग.

सबनीसांनी विचारलं, "अकरावं कलम वाचलंत ना, बाई?"

"सगळ्यात आधी," मी म्हटलं आणि पूर्ण नाव लिहिलं, तुळजाबाई बाजीराव मोहोळ, ठळक अक्षरात. बायकांनी खाली ओळीनं अंगठे दिले. केशरबाईनं सही केली, ती सही करायला माझ्याकडूनच शिकलीय. सबनीसांनी फुंकर घालून शाई वाळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून हसले.

तू जे नको म्हणालास ते मी केलं. आता सांग हैबतरावाला.

तुळजा

*

माले, १८ फेब्रुवारी १९८०

जयसिंग,

सहा महिने झाले. ना तू, ना सबनीस, ना कंपनीच्या बरण्या. मागचं पत्र परत आलं, वर शिक्का मारून आणि इंग्रजीत काहीतरी लिहून. गुरुजी म्हणाले, "हा मानूस आता हितं न्हाई, असं लिवलंय." कुठं गेलास? रान विकल्यावरही असाच गप्प बसला होतास, म्हणून मला नवल वाटत नाही.

पेपरात आलं होतं, एवढ्यात एका परक्या कंपनीला दिल्लीनं परवानगी नाकारली. नाव नव्हतं, पण सबनीसांच्या हापिसात गुरुजींनी पोस्टातून फोन लावला तर कोणी उचलत नाही. म्हणजे तुमची वाट सरकारनं शेवटी बंदच केली. बरं झालं. मी बरण्यांवर माझंच नाव लावून लोणचं घालतेय. होळीनंतर करवंदं धरतील. या वर्षी बार मोठा दिसतोय.

हे पत्रही परत येईल. तरी पाठवते. शिव्या द्यायला तरी माणूस लागतो.

तुळजा

*

माले, ५ ऑक्टोबर १९८०

जयसिंग,

हे कुठं पाठवायचं माहीत नाही. लिहिते आणि डब्यात ठेवते.

काल मुंबईच्या एका कारखान्याच्या वकिलाची नोटीस आली. या वेळी मराठीतली. 'तुळजाबाईंची लोणची' हे नाव, त्याची ख्याती आणि त्या धंद्याचा पूर्ण हक्क आमच्या अशिलांनी टॅप्लो कंपनीकडून रीतसर विकत घेतला आहे. सबब आपण व आपल्या सात सहकारी बायकांनी लोणच्याचा धंदा या नावानं अथवा अन्य कोणत्याही नावानं करू नये. केल्यास खटला. मंडईतल्या तिन्ही दुकानांनाही नोटीस गेलीय. दोघांनी माझ्या बरण्या एसटीच्या टपावरून परत पाठवल्या. तिसरा स्वतः आला, हात जोडले आणि गेला.

मी नोटीस घेऊन गुरुजींकडं गेले. त्यांनी करार काढला, डिक्शनरी काढली, चष्मा पुसला.

"तुळजा," ते म्हणाले, "चूक माजी हाय. गुडविल. डिक्शनरीत पयला अर्थ सदिच्छा. म्या तितंच थांबलो. खाली बारीक अक्षरात दुसरा हाय. धंद्याची पत, नावलौकिक. गिऱ्हाईक जिच्यामुळं दुसऱ्याच्या दुकानात जात न्हाई, ती चीज."

"आनि बाध येनार न्हाई असं वर्तन?"

"मंजी त्योच धंदा पुन्हा करायचा न्हाई."

म्हातारा ओटीवर बसून रडला, जयसिंग. त्यांना समजावता समजावता मला रडायला सवडच झाली नाही.

चौदा पानं मी चाळणीतून काढली. मेथीचा दाणा लपवला. केशरबाईची मूठ झाकली. जागा, दाखला, सगळं राखलं. आणि जे विकायला खरं काही होतं ते हसत हसत दिलं, पूर्ण नावानिशी. त्यांना कारखाना काढायला सरकारनं आडकाठी केली, तर जे हाती लागलं होतं तेवढं विकून ते निघून गेले. त्यांचं काय चुकलं?

आज कामाला आलेल्या बायकांना परत पाठवलं. चंद्राबाईचं घर याच्यावर चालतं. ती कोयता घेऊन भात कापणीचं विचारायला गेली.

आणि तू लिहिलं होतंस. मेलीस तरी करू नकोस, असं लिहिलं होतंस. मी ते पत्र आज काढून पुन्हा वाचलं. त्यात कुठंच डाव नाही. चार ओळी आहेत. चारही खऱ्या आहेत.

*

माले, १ डिसेंबर १९८०

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वर तुझ्या खोलीचा पत्ता बघितला आणि खाली न वाचताच कळलं की काहीतरी बिनसलंय. ऑक्टोबरातलं माझं पत्र डब्यात होतं, तेही याच्यासोबत घालते. तुला वाटत होतं मी अकरावर सही केली नसेल. ते वाच, म्हणजे कळेल.

तुला कामावरून का काढलं ते तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढं गेलास. मी पुढं जाऊ शकले नाही. तेरा ऑगस्टचं माझं पत्र कंपनीनं फोडलं, तुझ्या हाती दिलंच नाही. तिथल्या कोणा गुजराती कारकुनाला थोडं मराठी येत होतं, त्यानं त्यांना वाचून दाखवलं. तू गुप्तपणे मला सावध करतोयस हे साहेबांना कळलं, आणि ते कळवणारी मी. उत्तर पाठवू नकोस असं तू लिहिलं होतंस आणि मी मुद्दाम पाठवलं. त्यांनाही कळू दे, असं वर लिहिलं. सतरा वर्षांची तुझी नोकरी मी एका पत्रात घालवली. आता तू गोदामात पेट्या उचलतोस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या थंडीत. आणि मला कुठंही दोष दिलेला नाहीस. दिला असतास तर मला बरं वाटलं असतं.

रानाबद्दलही तू पहिल्यांदा लिहिलंस. त्यावर मी माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. तू फसवलं होतंस, आणि तू ते कबूल केलंस, एवढं आपल्या दोघांत आता सरळ झालं. पण मला वेगळंच खुपतं. सहासष्ट साली तू खोटं बोललास, ते मी खरं धरलं. एकोणऐंशी साली खरं बोललास, ते खोटं धरलं. दोन्ही वेळा सही माझीच.

तू विचारतोस, मालेत राहायला जागा आहे का? जागा आहे. पुढचं पुढच्या पत्रात. आधी मला पुण्याला वकिलाकडं जाऊन यायचंय.

तुझी आक्का

*

माले, २० जानेवारी १९८१

चि. जयसिंग यास अनेक आशीर्वाद.

वकिलाला भेटून आले. कोर्टात जाता येईल म्हणाले, पण निकाल लागेपर्यंत केशरबाईच्या मुठीत मोहरी धरायचंही बळ राहणार नाही. दुसरी वाट त्यांनीच सुचवली. करारावर आम्हा आठ जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत. म्हणून आम्ही मालक होऊ शकत नाही. पण ज्यानं सही केलेली नाही अशा माणसानं नवा दाखला काढला, नवं नाव लावलं, तर त्याच्याकडं मजुरीवर आम्ही काम केलेलं ते अडवू शकतील असं त्यांना वाटत नाही.

गावात ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. हैबतराव दुसऱ्याच दिवशी आला. म्हणाला, "आक्का, माज्या नावावर कर की! घरातलाच हाय मी." मी विचारलं, त्या दिवशी तासभर जीप तुझ्या दारात कशाला होती? तर म्हणाला, "त्या गोऱ्याचं पोट बिघडलं हुतं, आक्का. तुज्या करवंदानं. बायकूनं ताक दिलं." खरं असेल. मी एवढ्याशा गोष्टीवर केवढा इमला बांधला होता! तरी त्याला नाही म्हटलं. त्यानं मला कधी फसवलं नाही, पण माझ्यासाठी कधी काही गमावलंही नाही.

तुझा पासपोर्ट अजून इथलाच आहे असं तू लिहिलंस, म्हणून तुला चालतं. अर्ज आणलाय. आता पुढचं सावकाश वाच. सही करायच्या आधी हवं तर तिकडच्या वकिलालाही दाखव. तू शंका काढलीस तर मला राग येणार नाही.

दाखला तुझ्या नावावर. जागा मी तुला भाड्यानं दिली असं दाखवायचं. धंदा तुझा, बरणीवरचं नाव तुझं, दुकानदारांशी व्यवहार तुझा. आम्ही आठ जणी तुझ्याकडं रोजावर. माझी सही फक्त भाडेचिठ्ठीवर. वकील म्हणाले, "तुमच्या दोघांत एक खाजगी कागद करून ठेवा, खरी मालकीण तुम्हीच असा. उद्या भावाची नियत फिरली तर?" मी विचारलं, तो कागद मुंबईवाल्यांच्या हाती लागला तर? ते म्हणाले, मग सगळंच बुडालं. म्हणून तसा कागद मी केलेला नाही. कुठंही नाही. डब्यातसुद्धा नाही.

म्हणजे उद्या तू हा धंदा विकलास तर मला दारात उभं राहून बघावं लागेल. नथूभाऊंकडं जाऊन उतारा बघायचीही सोय नाही. मला याची भीती वाटते, जयसिंग. तुला खोटं कशाला सांगू? काल अर्ज भरताना हात दोनदा थांबला.

केशरबाई शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आक्का, भावाचा भरवसा हाय का?"

मी म्हटलं, "न्हाई. पन त्यो येतोय."

ती म्हणाली, "मग भर."

चैत्राच्या आत ये, करवंदं तोडायला आली की थांबत नाहीत. मालकाच्या रकान्यात तुझं नाव मी माझ्या हातानं लिहिलंय. खाली सहीची जागा मोकळी आहे.

तुझी आक्का